जुनी बीएमपी दुरुस्त करायची की नवी गाडी घ्यायची?

नागापूर एमआयडीसीत रबर मोल्डिंगचं छोटं युनिट चालवणाऱ्या एका तरुणाने विचारलं आहे: “काका, बीएमपी-२ ही जवानांना लढाईत नेणारी, पट्ट्यावर चालणारी चिलखती गाडी मूळची १९८०च्या आसपासची. तिच्यावर आज कोट्यवधी रुपये घालून नेम धरायच्या नव्या साईट बसवतात. त्याच पैशात नव्या गाड्या का घेत नाहीत? आपल्या नगरच्या व्हीआरडीईने, म्हणजे डीआरडीओच्या वाहन संशोधन संस्थेने, टाटांबरोबर केलेली आठ चाकी गाडी मोरोक्कोच्या लष्कराने घेतली, मग आपलं लष्कर जुन्यालाच का धरून बसलंय? आणि माझ्यासारख्याला यात काही काम मिळेल का?”

तिन्ही प्रश्न वेगवेगळे दिसतात, पण उत्तर एकातच गुंतलेलं आहे. मी ईएमईत, म्हणजे लष्कराच्या मेकॅनिक खात्यात, पंचवीसहून जास्त वर्षं काढली. त्यातला बराच काळ बीएमपीच्या पोटात हात घालून आणि थोडा काळ ट्रायलच्या फायली सांभाळून. त्यामुळे हे उत्तर रणनीतीवाल्याचं नाही, तेलकट हातांच्या माणसाचं आहे.

पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर: त्याच पैशात नव्या गाड्या येत नाहीत. थोड्याफार आल्या तरी दहा वर्षांनी येतात. मधली दहा वर्षं सीमेवर जुनीच गाडी उभी असते, आणि ती रात्री आंधळी राहून चालत नाही.

थोडा हिशेब सांगतो. २०२० च्या जूनमध्ये संरक्षण मंत्रालयाने तेव्हाच्या आयुध निर्माणी मंडळाला १५६ बीएमपी-२ ची ऑर्डर दिली, किंमत १,०९४ कोटी. भागाकार केला तर गाडीमागे सात कोटी. ही नवी कोरी गाडी, पण डिझाइन तेच. याच्या तुलनेत २०२१ मध्ये ११८ अर्जुन मार्क-१ए रणगाड्यांची ऑर्डर ७,५२३ कोटींची झाली, म्हणजे नगामागे साधारण ६४ कोटी. अर्जुन हा ६८ टनांचा रणगाडा आणि बीएमपी १४ टनांची पायदळाची गाडी, तेव्हा ही तुलना बरोबरीची नाही हे मलाही कळतं. पण चिलखत, इंजिन आणि इलेक्ट्रॉनिक्स एकेक पायरी वर चढलं की किंमत कशी उडी मारते, ते यातून दिसतं. आपल्याकडे बीएमपी-२ दोन हजारांवर आहेत. सगळ्या एकदम बदलायच्या म्हटलं तर कुठल्याही अर्थमंत्र्याच्या पोटात गोळा येईल.

आणि किंमत नुसत्या गाडीची नसते. बीएमपीचं लायसन्स उत्पादन मेडकच्या कारखान्यात १९८०च्या दशकात सुरू झालं. मेकॅनाइज्ड इन्फंट्री रेजिमेंट त्याच्याही आधी, २ एप्रिल १९७९ रोजी उभी राहिली, जनरल सुंदरजींच्या आग्रहातून, आणि तिचं केंद्र आपल्या नगरलाच आहे. बीएमपी चालवणारी दुसरी रेजिमेंट ब्रिगेड ऑफ द गार्ड्स, तिचं केंद्र कामठीला. म्हणजे ही गाडी चालवायला शिकलेल्या माणसांच्या दोन-तीन पिढ्या महाराष्ट्रातूनच बाहेर पडल्या. ड्रायव्हर, गनर, मेकॅनिक, प्रत्येक वर्कशॉपमधले पान्हे, जिग, ओव्हरहॉलचे तक्ते, ३० मिमीचा दारूगोळा, रेल्वेच्या वॅगनवर गाडी बांधायची पद्धत, हे सगळं तिच्याभोवती विणलेलं आहे. नवी गाडी आली की हे सगळं नव्याने विणावं लागतं. शोरूममध्ये हा खर्च दिसत नाही, युनिटमध्ये दिसतो.

आता बीएमपीत नेमकं काय जुनं झालंय ते बघू. मी नेहमी तीन गोष्टी वेगळ्या करतो: डोळे, काळीज, कातडी.

आधी डोळे, कारण पैसा तिथे आधी गेला आणि योग्य गेला. बीएमपी-२ च्या मूळ रात्रीच्या साईटला लांबचं बघायचं तर इन्फ्रारेड सर्चलाइट लावावा लागायचा. साध्या डोळ्याला तो दिसत नाही. पण समोरच्याकडे नाइट व्हिजन असेल तर त्याला तो गावच्या तमाशातल्या पेट्रोमॅक्ससारखा दिसतो. आणि एवढं करूनही सात-आठशे मीटरच्या पुढे धड काही ओळखू येत नाही. तोफ मात्र त्याच्या कितीतरी पुढे मारू शकते. म्हणजे हात लांब आणि नजर आखूड. एकदा रात्रीच्या फायरिंगला एका गनरने मला साईटमधून बघायला लावलं. हिरवट धुक्यात एक काळा ठिपका. तो म्हणाला, “साहेब, हे टार्गेट आहे की बाभूळ, ते मला आठवणीनेच माहीत आहे.” दिवसा त्याने रेंज नीट बघून ठेवली होती, एवढंच.

२०२४ च्या सुरुवातीला ६९३ बीएमपी-२ ना बीएमपी-२एम करण्याचा करार झाला, तो याच दुखण्यावर. गनरला नवी साईट, कमांडरला चौफेर बघायची पॅनोरमिक साईट, फायर कंट्रोल सिस्टीम आणि लक्ष्य आपोआप धरून ठेवणारा ट्रॅकर. काम चेन्नईजवळच्या आवडी इथल्या एव्हीएनएल या सरकारी कंपनीकडे. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये आयुध निर्माणी मंडळाच्या सात कंपन्या झाल्या, त्यातली ही चिलखती गाड्यांची. कमांडरची वेगळी साईट ही चैन वाटेल, पण तिच्यामुळे गनर एका लक्ष्यावर मारत असताना कमांडर पुढचं शोधून ठेवतो. ज्याने दोघांना एकाच भोकातून बघण्यासाठी वाद घालताना पाहिलंय, त्याला याची किंमत विचारू नये.

काळजाची गोष्ट जरा लांबवून सांगतो, कारण माझं आयुष्य तिथे गेलं.

बीएमपी-२ मध्ये यूटीडी-२० हे सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन आहे, ३०० हॉर्सपॉवरच्या आसपासचं. त्याला टर्बो नाही. बाहेरची हवा जेवढी येईल तेवढीच ते ओढणार. नगरला, राजस्थानात, पंजाबात ते मजेत चालतं. पूर्व लडाखमध्ये साडेचार हजार मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम ६३ टक्के असते. हवा कमी म्हणजे जळणारं डिझेल कमी. म्हणजे कागदावरचे तीनशे घोडे तिथे पोचेपर्यंत दोनशेच्या खाली येतात, आणि गाडीचं वजन मात्र चढ आहे म्हणून एक किलोही कमी होत नाही. ड्रायव्हरने पाय दाबला की गाडी पुढे जायच्या आधी मागून काळा धूर जातो, आणि तो धूर कित्येक किलोमीटरवरून दिसतो.

थंडीतली पहाट तर वेगळाच उद्योग. उणे वीस-पंचवीसला इंजिन ऑइल गोठलेल्या तुपासारखं होतं, बॅटरी निम्म्या ताकदीवर येते. म्हणून आधी प्रीहीटर लावायचा, कूलंट गरम होईस्तोवर थांबायचं, मग स्टार्टर. स्टार्टरने मान टाकली तर बाटलीतल्या दाबाच्या हवेने इंजिन फिरवायची सोय आहे. रशियनांची ही अक्कल मला कायम आवडली. पण बाटल्या भरलेल्या हव्यात, आणि त्या भरणारा कॉम्प्रेसर धड असायला हवा. डिझेलचंही तसंच. साधं डिझेल थंडीत घट्ट होऊन फिल्टरमध्ये अडकायचं, त्यात रॉकेल मिसळून काम भागवायचं. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये इंडियन ऑइलने लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल आणलं. वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी आल्या असतील. माझ्या मते त्या वर्षातली चिलखती दलांसाठीची ती मोठी बातमी होती.

इंजिन बदलायची चर्चा नेहमी इथूनच निघते. पण इंजिन म्हणजे मिक्सरची मोटर नव्हे. जास्त ताकद दिली की गिअरबॉक्सवर ताण येतो, रेडिएटर अपुरा पडतो, पट्टा फिरवणारा फायनल ड्राइव्ह खाल्ला जातो, पट्ट्याच्या, म्हणजे ट्रॅकच्या पिना लवकर झिजतात. टी-७२ रणगाड्याचं उदाहरण घे. ७८० हॉर्सपॉवरच्या जागी १००० हॉर्सपॉवरचं इंजिन बसवायचं ठरलं आणि मार्च २०२५ मध्ये रशियाच्या रोसोबोरोनएक्स्पोर्ट या सरकारी शस्त्रनिर्यात कंपनीबरोबर २४ कोटी ८० लाख डॉलरचा करार झाला, त्यात आवडीच्या कारखान्याला तंत्रज्ञान देण्याचं कलमही आहे. १९७०च्या दशकाच्या शेवटी घ्यायला सुरुवात केलेल्या रणगाड्याला आज नवं काळीज बसतंय. कारण सोपं आहे. इंजिन हीच आपली दुखरी नस आहे. अर्जुनचं इंजिन जर्मन. झोरावर या हलक्या रणगाड्यासाठीही आधी जर्मन इंजिन धरलं होतं, तिकडच्या निर्यात परवान्यात वेळ जायला लागला म्हणून अमेरिकी कमिन्स बसवलं. १५०० हॉर्सपॉवरचं देशी इंजिन मार्च २०२४ मध्ये म्हैसूरला बीईएमएलमध्ये पहिल्यांदा चाचणीसाठी सुरू झालं. टेस्ट बेडवर इंजिन सुरू होणं आणि वाळवंटात हजारो किलोमीटर निभावणं यात काही वर्षं जातात.

झोरावरचं नाव आलं म्हणून एक विषयांतर. काश्मीरच्या पहिल्या युद्धात, १ नोव्हेंबर १९४८ ला, जनरल थिमय्यांनी सातव्या लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे जोजी ला खिंडीत, साडेअकरा हजार फुटांवर, चढवले. टरेट, म्हणजे तोफेचा बुरूज, काढून, ताडपत्रीखाली झाकून ते जम्मूहून आणले होते. मद्रास सॅपर्सनी वाट तयार केली. तिथे रणगाडा येईल असं शत्रूच्या स्वप्नातही नव्हतं. १९६२ मध्ये फ्रेंच बनावटीचे एएमएक्स-१३ विमानाने लडाखमधल्या चुशूलला नेले. १९७१ मध्ये गरीबपूरच्या लढाईत पाण्यात पोहणारे पीटी-७६ होते. मग हलके रणगाडे आपल्याकडून हळूहळू गेले, कारण सगळं लक्ष पंजाब-राजस्थानच्या मैदानावर होतं. २०२० मध्ये लडाखला ४०-४६ टनांचे टी-७२ आणि टी-९० चढवावे लागले तेव्हा पुन्हा आठवण झाली. आता २५ टनांचा झोरावर येतोय, गरज ३५४ नगांची. डीआरडीओ आणि एल अँड टीने वेळेच्या मानाने भराभर काम केलं, २०२४ मध्ये वाळवंटात आणि नंतर ४२०० मीटरवर फायरिंग झालं. पण सोडून दिलेलं कौशल्य परत आणायला किती मोजावं लागतं ते यातून बघ. बीएमपी मोडीत काढा म्हणणाऱ्यांना मी हेच सांगतो. मोडीत काढण्याआधी तिची जागा घेणारी गाडी गेटच्या आत उभी असली पाहिजे.

उरली कातडी. इथे बीएमपीची बाजू मी घेणार नाही. समोरून ठीक, पण बाजूचं चिलखत बंदुकीच्या गोळीपुरतं. पोट सपाट, त्यामुळे सुरुंग फुटला की सगळा जोर वर येतो. मागच्या दोन दरवाजांत डिझेल भरलेलं असतं. ज्या दरवाजातून सात जवानांनी उडी मारायची, तोच इंधनाची टाकी. लढाईत त्या टाक्या रिकाम्या ठेवायच्या असा नियम आहे, आणि नियम किती पाळले जातात ते सगळ्यांना ठाऊक आहे. अफगाणिस्तानात सोव्हिएत जवान गाडीच्या आत बसायच्या ऐवजी वर बसायचे, ते हवा खायला नव्हे.

मग जाड चिलखत लावायचं ना? लाव. पण बीएमपी पोहते, हे विसरू नकोस. पंजाब सीमेवर डीसीबी आहेत, म्हणजे खंदक आणि त्याच्या मातीचा बांध, आणि त्याच्या मागेपुढे कालवे. पूल टाकायची वाट न बघता पायदळ पलीकडे पोचवायचं, यासाठी ती गाडी पाण्यावर तरंगते. दोन-तीन टन पत्रा चढवला की ती बुडते. युक्रेनमध्ये वरून येणाऱ्या ड्रोनने चिलखती गाड्यांची काय दशा केली ते पाहिल्यावर टपावर जाळ्या लावायचे प्रकार सुरू झाले. जाळीचंही वजन असतं, आणि जाळीखालून हॅच, म्हणजे टपावरचं झाकण, उघडेना झालं तर आतला जवान अडकतो. चिलखत वाढवायचं की पोहणं ठेवायचं, हा निर्णय इंजिनिअरचा नाही, जनरलचा आहे. तो आधी घ्यायला हवा. आपल्याकडे बऱ्याचदा दोन्ही मागतात आणि मग ट्रायलवाल्याने काय ते बघावं.

खरेदीत घोळ होतो तो इथे. लष्कराला काय हवं ते ज्या कागदात लिहितात त्याला क्यूआर म्हणतात. बीएमपीच्या जागी येणाऱ्या गाडीचं, म्हणजे एफआयसीव्हीचं उदाहरण घे. २००९-१० च्या सुमारास खाजगी कंपन्यांना आणि आयुध निर्माणींना विचारणा झाली. प्रक्रिया सुरू झाली, थांबली, परत सुरू झाली. जून २०२१ मध्ये पुन्हा आरएफआय, म्हणजे कंपन्यांकडून माहिती मागवणारी विचारणा, निघाली, १,७५० गाड्यांसाठी. एवढ्या वेळात माझ्या हाताखालचे पोरगेलेसे अधिकारी लेफ्टनंट कर्नल झाले. यात सगळा दोष बाबूंचा असं म्हणायची फॅशन आहे. मी दोन्ही बाजूंना बसलोय. दोष अर्धा आमचाही. जगातल्या प्रत्येक गाडीचं सगळ्यात चांगलं तेवढं वेचून आम्ही एक कागद करतो. चिलखत अमक्याचं, वेग तमक्याचा, वजन मात्र बीएमपीचं. पोहलीही पाहिजे, विमानातही मावली पाहिजे, आठ माणसंही बसली पाहिजेत. अशी गाडी मिळाली नाही की ट्रायल नापास. दोन वर्षांनी नवा कागद.

ट्रायलसुद्धा ऋतूच्या तालावर चालतात. उन्हाळ्यात पोखरण किंवा महाजनच्या रेंजवर, जिथे मे महिन्यात गाडीच्या आत ५५-६० अंश तापमान जातं आणि इलेक्ट्रॉनिक्स आधी माघार घेतात. हिवाळ्यात लडाख. मध्ये पाण्यातली चाचणी. खर्च कंपनीचा, घेऊ याची हमी नाही. एका कंपनीची गाडी जूनमध्ये बिघडली आणि सुटा भाग परदेशातून सप्टेंबरात आला, तर उन्हाळा गेला. पुढचा मे येईपर्यंत सगळे फायली चाळत बसतात. एका ट्रायलला माझ्यासमोर दोन-अडीचशे रुपयांच्या होज क्लिपपायी अख्खा हंगाम हातचा गेला. त्या कंपनीचं नाव मी घेत नाही, आणि त्यांचे इंजिनिअर चांगले होते. क्लिप मात्र फालतू होती.

आता मोरोक्को. ही गोष्ट आपल्याला अभिमानाची आहे, आणि नगरच्या माणसाला जरा जास्तच. वाहननगरच्या व्हीआरडीईने टाटांबरोबर केलेली आठ चाकी चिलखती गाडी, तिचं नाव व्हॅप, मोरोक्कोने १५० च्या संख्येने मागवली, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये बर्रेशीदला तिचा कारखाना सुरू झाला, राजनाथसिंह स्वतः गेले होते. तू विचारतोस, आपणच का घेत नाही? अगदीच घेतली नाही असं नाही. एप्रिल २०२२ मध्ये तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल नरवणे यांच्या हस्ते पुण्यात टाटा आणि भारत फोर्जच्या काही चिलखती गाड्या लष्करात आल्या, त्यात व्हॅपवर बेतलेली पायदळाची गाडीही होती. पण सगळ्या बीएमपींच्या जागी आठ चाकी गाडी घालता येणार नाही.

कारण जमिनीचं आहे. बीएमपीचा जमिनीवरचा दाब चौरस सेंटीमीटरला सुमारे ०.६५ किलो. सामानासकट चालणाऱ्या जवानाचं सगळं वजन एका बुटावर आलं की त्याखाली जेवढा दाब येतो, त्याच्या फार तर दीडपट. १४ टनांचं धूड, पण पट्ट्यावर वजन पसरल्यामुळे ते वाळूत आणि चिखलात तग धरतं. व्हॅप चोवीस-पंचवीस टनांच्या घरातली. चाकं आठ असली तरी टायर जमिनीला टेकतो हातभर जागेत. नगरजवळच्या लष्कराच्या के. के. रेंजला पाऊस पडून गेल्यावर काळ्या मातीत ज्याने जीप काढलीय त्याला मी काय सांगतोय ते कळेल. माती टायरला चिकटते, टायर लाडू होतो, आणि गाडी जागच्या जागी फिरते. पट्ट्याची गाडी तिथूनही निघते, उशिरा का होईना.

मोरोक्कोचं गणित वेगळं. लांबच लांब अंतरं, कडक कोरडी जमीन, बरेच रस्ते. तिथे चाकाची गाडी पट्ट्याच्या गाडीपेक्षा कमी डिझेलमध्ये, कमी मोडतोडीत आणि स्वतःच्या चाकांवर शेकडो किलोमीटर जाते. पट्ट्याच्या गाडीला तेवढं अंतर ट्रेलरवर न्यावं लागतं, नाहीतर पोचेपर्यंत ट्रॅक संपतो. लडाखच्या पठारावर, जिथे आता रस्ते झालेत, तिथे आपल्यालाही चाकाच्या गाड्या हव्यातच. कच्छच्या दलदलीत आणि पंजाबच्या भातशेतीत नको. मोरोक्कोकडून शिकण्यासारखी गोष्ट मला वेगळीच वाटते. त्यांनी गाडीबरोबर कारखाना मागितला. पंधरा वर्षांनी सुटा भाग लागेल तेव्हा तो बर्रेशीदहून येईल, पुण्याहून नाही. ज्याने आयात गाड्या सांभाळल्या आहेत तोच असा हट्ट धरतो.

आम्ही त्या शाळेतून गेलोय. १९९१ मध्ये सोव्हिएत युनियन मोडलं आणि ज्या एका पत्त्यावर मागणी पाठवायची सवय होती, तो पत्ताच उरला नाही. एक भाग रशियात, दुसरा युक्रेनमध्ये, तिसऱ्याचा कारखाना बंद. त्या काळात तीन उभ्या गाड्यांचे भाग काढून दोन चालू ठेवणं हे आमचं रोजचं काम झालं होतं. गाडी बाद होऊन उभी राहिली की तिला व्हीओआर म्हणतात, आणि व्हीओआर गाडी ही शेजारच्या गाड्यांसाठी दुकान असते. एकदा दुकान उघडलं की ते रिकामं होईपर्यंत बंद होत नाही.

गडचिरोलीचंही सांगतो, कारण चिलखती गाडी म्हटलं की महाराष्ट्रात लोकांना तीच आठवते. सुरुंगापासून वाचवणाऱ्या गाड्यांचं पोट होडीसारखं, व्ही आकाराचं असतं, स्फोटाचा जोर दोन्ही बाजूंना जातो. ही कल्पना दक्षिण आफ्रिकेने पक्की केली, आपण १९९०च्या दशकाच्या शेवटी त्यांच्या कॅस्पिर घेतल्या, आणि पुण्याच्या भारत फोर्जची कल्याणी एम-४ मूळची तिकडच्याच डिझाइनची, तिची १७८ कोटींची ऑर्डर फेब्रुवारी २०२१ ची. १ मे २०१९ ला जांभुळखेड्याजवळ १५ पोलीस आणि एक चालक गेले, ते साध्या खाजगी गाडीत होते. पण मार्च २०१८ मध्ये छत्तीसगडच्या सुकमात सीआरपीएफचे नऊ जवान गेले ते सुरुंगरोधक गाडीत बसूनच. गाडी ठराविक किलोपर्यंतचा स्फोट झेलते. समोरच्याने रस्त्याखाली त्याच्या कितीतरी पट पुरला तर व्ही आकार काही करत नाही. म्हणून त्या भागात अनुभवी अधिकारी अजूनही पायी चालायला सांगतात. गाडी भारी घेतली म्हणून रस्ता उघडायचं काम टळत नाही.

आता तुझं काम. रबराचं युनिट म्हणालास म्हणून मुद्दाम सांगतो.

लडाखला पाठवलेल्या काही गाड्यांच्या ऑइल सील एका हिवाळ्यात गळायला लागल्या. नव्या सील, देशी, पास झालेल्या. मी एक हातात घेतली. माप बरोबर, कडकपणा बरोबर, तेलात फुगण्याची चाचणीही पास. ती रात्रभर बाहेर बोनेटवर ठेवली आणि सकाळी दोन बोटांत दाबली, तर बाटलीच्या बुचासारखी कडक. पुरवठादाराने तेलाला टिकावी म्हणून जास्त ॲक्रिलोनायट्राइलचं नायट्राइल रबर वापरलं होतं. ते तेलाला उत्तम टिकतं, आणि थंडीत लवकर ताठतं, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. त्याने फसवलं नव्हतं. ऑर्डरच्या कागदात थंडीचा आकडाच नव्हता. जुनं ड्रॉइंग भाषांतर करताना कुणीतरी ती ओळ गाळली होती, आणि तपासणाऱ्याने कागदात होतं तेवढंच तपासलं. एवढ्याशा सीलसाठी आम्ही उणे पंचवीसमध्ये फायनल ड्राइव्ह उघडत बसलो होतो. हातमोजे घालून बोल्ट धरता येत नाही आणि काढले तर कातडी लोखंडाला चिकटते.

तेव्हा काम आहे, आणि भरपूर आहे. दोन हजार जुन्या गाड्या आणखी पंधरा-वीस वर्षं चालवायच्या म्हणजे सील, होज, बुश, रोड व्हीलचं रबर, ट्रॅकचे पॅड, हॅचची गॅस्केट हे सतत लागणार. संरक्षण मंत्रालयाचं सृजन पोर्टल ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झालं, त्यावर देशात बनवायच्या वस्तूंची यादी फोटो आणि मापांसह असते. तिथे रबराच्या वस्तू शोध. ऑर्डर लहान असतात, पैसे सावकाश येतात, आणि पहिल्या नमुन्याला मंजुरी मिळेपर्यंत वर्ष जाऊ शकतं, तेव्हा दुसरा धंदा बंद करून याच्यामागे लागू नकोस.

ड्रॉइंग मिळालं तरी मूळ रशियन भागाचा नमुना मागून घे, झिजलेला असला तरी चालेल. ड्रॉइंगमध्ये नसलेलं त्यात दिसतं: ओठ कुठल्या बाजूने घासला, स्प्रिंग कुठे बसली होती, रबर तुटलं की फाटलं. आणि तुझा पहिला लॉट तयार झाला की चार नग आईस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीजरमध्ये रात्रभर ठेव. उणे वीसच मिळेल तिथे, पण सुरुवातीला तेवढं पुरे. सकाळी बाहेर काढल्या काढल्या दोन बोटांत दाबून बघ, आणि मग मला फोन कर.